प्लेट चढण्याआधी

नोव्हेंबर २०२४ चा दुसरा आठवडा. अर्ज मागे घेण्याची ४ तारीख उलटून गेली होती, मतदान २० तारखेला होते. तालुक्याच्या गावातल्या एका छापखान्याचे शटर रात्री साडेनऊला अर्धे खाली ओढलेले होते आणि आत दिवे चालू होते. भाऊबीज होऊन आठवडा झाला होता. डब्याच्या तळाशी चिवड्याचा चुरा तेवढा उरला होता. छापखान्याचे मालक सत्तरीतले. त्यांची भाची वकील, आणि या विधानसभेला एका उमेदवाराच्या प्रचाराचे सगळे लेखी काम तिच्याकडे होते. तिने टेबलावर एक कागद ठेवला. मथळा ठळक होता : ‘सुधारका’चा बुरखा फाटला!

समोरचा उमेदवार गावोगाव एकच वाक्य बोलत होता. राजकारण स्वच्छ करायला आलोय. फलकांवर तेच, रिक्षांवरच्या भोंग्यातही तेच. लोकांना ते पटू लागले होते, म्हणून तर हे पत्रक.

मामांनी चष्मा लावला आणि प्रूफ वाचायची लाल पेन्सिल उचलली. पन्नास वर्षांची सवय; कुठलाही कागद त्यांना प्रूफच वाटतो. पहिली खूण त्यांनी मथळ्यावरच केली. सुधारक या शब्दाभोवतीची अवतरणचिन्हे खोडली.

“ती मुद्दाम टाकलीत, मामा. तो सुधारक नाहीच, हेच तर सांगायचंय.”

“त्याला काय म्हणायचं ते म्हण. शब्दाला कशाला शिक्षा? १८८८ साली आगरकरांनी ह्या नावाचं पत्र काढलं. त्या माणसानं जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा बघितली पुण्यात. हा शब्द असा चिमटीत धरून दाखवलास, तर उद्या खरा कुणी उभा राहिला की त्याला काय म्हणशील?”

भाचीने वाद घातला नाही. पण दुसरी खूण झाली तेव्हा ती खुर्चीत सरसावून बसली. परिच्छेद उमेदवाराच्या घरातल्या भानगडीबद्दल होता आणि मामांनी तो आडवी रेघ मारून सबंध काढला होता.

“खरं आहे ते.”

“तुला कुणी सांगितलं?”

“सगळं गाव सांगतं.”

“गाव उच्च न्यायालयात साक्षीला येणार आहे का?”

लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२३(४) भाचीला मामांपेक्षा चांगले ठाऊक होते. उमेदवाराच्या खासगी चारित्र्याबद्दल किंवा वर्तनाबद्दल खोटे विधान, तेही ते खरे असल्याचा विश्वास नसताना, त्याची मते घटावीत या बेताने प्रसिद्ध केले, आणि ते उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्यांच्या संमतीने दुसऱ्या कुणी केले, तर तो भ्रष्टाचार ठरतो. निकालानंतर ४५ दिवसांत याचिका दाखल होऊ शकते, सिद्ध झाले तर निवडून आलेल्याची निवड रद्द होते आणि सहा वर्षांपर्यंत अपात्रता येऊ शकते. राजकीय वर्तनावरची टीका, ती कितीही कडक असो, या कलमात येत नाही. खासगी आणि राजकीय यांच्यातली ही रेघ न्यायालयांनी वारंवार आखून दिली आहे.

“कलम मला पाठ आहे,” ती म्हणाली. “पण दुटप्पीपणा खासगी कसा, ते सांगा. जो माणूस घरात एक आणि बाहेर एक, तो बाहेर काय सुधारणार? लोक कलमं वाचत नाहीत, मामा. लोक माणूस वाचतात.”

इथे तिची बाजू हलकी नव्हती. मतदार उमेदवाराला माणूस म्हणूनच पारखतो आणि त्यात गैर काही नाही. पण माणूस वाचायचा तर कशावरून वाचायचा, हा प्रश्न उरतोच. घराच्या भिंतीआडचे ऐकीव बोलणे कुणालाही पडताळता येत नाही. त्याने सही करून दिलेला कागद मात्र पडताळता येतो, आणि तो कागद भाचीच्याच पिशवीत होता.

नमुना २६. उमेदवाराचे प्रतिज्ञापत्र. हा कागद आज निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतो म्हणून त्याचे कुणाला अप्रूप उरलेले नाही, पण तो सहजी मिळालेला नाही. १९९९ मध्ये अहमदाबादच्या आयआयएममधल्या काही प्राध्यापकांनी असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था काढली आणि उमेदवारांवरचे खटले मतदारांना कळले पाहिजेत म्हणून न्यायालयात धाव घेतली. २ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्यावर एरवी एकमेकांचे तोंड न बघणारे पक्ष एकत्र आले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निकालाची धार बोथट करणारा वटहुकूम निघाला. राष्ट्रपती कलाम यांनी तो एकदा परत पाठवला होता. पुन्हा आला तेव्हा सही करावी लागली. १३ मार्च २००३ रोजी न्यायालयाने ती पळवाट बंद केली, तेव्हापासून हा कागद भरणे सक्तीचे झाले.

“ह्याच कागदावरून लिहिलंय मी,” भाची म्हणाली. “हे बघा, तीन गुन्हे.”

मामांनी पान उलटले. “कलमं वाच.”

“एकशे त्रेचाळीस. एकशे अठ्ठ्याऐंशी. तीनशे एक्केचाळीस.”

“म्हणजे जमाव जमवला, मनाई हुकूम मोडला, रस्ता अडवला. दुधाच्या दराचं आंदोलन होतं ते. आपल्या माणसावर त्याच दिवशीचा गुन्हा आहे की नाही?”

आहे, असे तिला म्हणावे लागले.

“मग तो आंदोलक आणि हा गुन्हेगार, हे कसं?”

प्रतिज्ञापत्र वाचताना सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. गुन्ह्यांचा आकडा मोजला जातो, कलम वाचले जात नाही. महाराष्ट्रात ऊस, दूध, कांदा, पाणी अशा प्रश्नांवर कधी रस्त्यावर बसलेल्या माणसावर असले दोन-चार गुन्हे असतातच. खून, अपहरण, फसवणूक, सरकारी पैशाचा अपहार ही कलमे वेगळ्या वजनाची. गुन्हा नोंदला जाणे, आरोप निश्चित होणे आणि शिक्षा लागणे, या तीन पायऱ्याही वेगळ्या आहेत आणि नमुना २६ मध्ये त्या वेगवेगळ्या विचारलेल्या आहेत. तीन पायऱ्यांची एक करणारे पत्रक दुसऱ्याच दिवशी उलटते. समोरचा माणूस सभेत ती कलमे वाचून दाखवतो, लोक टाळ्या वाजवतात आणि पत्रकातल्या बाकीच्या खऱ्या मुद्द्यांचीही माती होते.

गुन्ह्यांचा परिच्छेद गेला. मालमत्तेचा मात्र राहिला, थोडा बदलून. समोरच्याने २०१९ लाही निवडणूक लढवली होती, त्यामुळे दोन प्रतिज्ञापत्रे शेजारी ठेवता येत होती आणि मालमत्ता पाच वर्षांत दुपटीच्या वर गेल्याचे त्याच्याच सहीने दिसत होते. भाचीने लिहिले होते, ‘हा पैसा कुठून लुटला?’ मामांनी ‘लुटला’ खोडून ‘आला’ केले. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उमेदवाराने स्वतःच्या आणि अवलंबितांच्या उत्पन्नाचे स्रोतही सांगितले पाहिजेत असा निकाल दिला आहे. त्या रकान्यात त्याने ‘शेती व व्यवसाय’ एवढेच लिहिले होते. प्रश्न तिथे विचारायचा : व्यवसाय कोणता?

“जमिनीचे भावही वाढलेत,” मामा म्हणाले. “उत्तर सरळ असेल तर देईल. नसेल तर त्याची पंचाईत. दोन्हीत आपलं काही खोटं पडत नाही.”

“एवढ्यानं त्याचा स्वच्छतेचा दावा हलत नाही पण.”

“नाहीच हलत. त्यासाठी त्याला त्याच्या दाव्यावरच धरलं पाहिजे. त्याच्या हातात आजवर जे होतं, तिथं त्यानं स्वतःचे हात बांधून घेतले का? दुसऱ्याचे हात बांधणारे पुष्कळ भेटतात. आपल्या खुर्चीला चाप लागेल असा नियम किती जणांनी केला?”

भाचीला ही कसोटी फारच कडक वाटली. “ह्या मापानं शेषनसुद्धा बसत नाहीत,” ती म्हणाली.

तिने नाव सहज घेतले होते, पण ते नेमक्या जागी लागले. टी. एन. शेषन १९९० ते १९९६ मुख्य निवडणूक आयुक्त होते. आचारसंहिता हा तोवर कागदावरचा शब्द होता. शेषन यांनी त्याला दात दिले. भिंती रंगवणे आणि रात्री-अपरात्री भोंगे वाजवणे आटोक्यात आले. मतदार ओळखपत्रांचा आग्रह त्यांनीच धरला. १९९६ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण १ ऑक्टोबर १९९३ रोजी सरकारने एम. एस. गिल आणि जी. व्ही. जी. कृष्णमूर्ती असे आणखी दोन आयुक्त नेमले, त्यांना बरोबरीचे अधिकार दिले, आणि निर्णय बहुमताने घ्यायचे ठरले, तेव्हा शेषन स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेले. सरकारचा हेतू त्यांना वेसण घालण्याचा होता, असे तेव्हा बहुतेकांना वाटत होते. तरी जुलै १९९५ मध्ये न्यायालयाने तीन सदस्यांचा आयोग वैध ठरवला. पुढे शेषन स्वतः मैदानात उतरले. १९९७ मध्ये राष्ट्रपतिपदासाठी के. आर. नारायणन यांच्याविरुद्ध उभे राहिले, तेव्हा त्यांच्या पाठीशी शिवसेना होती. १९९९ मध्ये काँग्रेसच्या तिकिटावर गांधीनगरला लालकृष्ण अडवाणी यांच्यासमोर लढले. दोन्ही वेळा हरले.

“बघ,” मामा म्हणाले, “त्यांच्या विरोधात तेव्हा पत्रक काढायचं असतं तर मी काय छापलं असतं? शेषन ढोंगी आहेत असं नसतं छापलं, कारण ते खोटं झालं असतं. निवडणुका त्यांनी सुधारल्या, हे आधी कबूल केलं असतं. मग विचारलं असतं की साहेब, अधिकार तिघांत वाटायची वेळ आली तेव्हा तुम्ही कोर्टात का गेलात? आणि ज्यांना काल नोटिसा काढत होतात त्यांच्यातल्याच एका पक्षाचं तिकीट घेताना त्या पक्षाकडून काय कबूल करून घेतलंत?”

“पण असलं पत्रक वाचतो कोण?” भाची उसळून म्हणाली. “तुम्ही नेमकेपणाच्या मागे लागता आणि तिकडे तो एका वाक्यात सभा मारून नेतो. २०१३ आठवा. शिक्षा झालेल्या आमदार-खासदाराचं पद तात्काळ जाईल असा निकाल जुलैत आला. सरकारनं त्यांना वाचवायला वटहुकूम आणला. लेख आले, अग्रलेख आले, काही हललं नाही. सप्टेंबरात राहुल गांधी प्रेस क्लबात उभे राहून म्हणाले की हा शुद्ध मूर्खपणा आहे, फाडून फेका. पाच दिवसांत वटहुकूम मागे. लोकांना कडक बोललेलंच ऐकू येतं.”

मामा जरा वेळ गप्प बसले. मुद्दा खरा होता. २७ सप्टेंबर २०१३ ला ते वाक्य उच्चारले गेले आणि २ ऑक्टोबरला मंत्रिमंडळाने वटहुकूम मागे घेतला. त्यांनी डब्यातला चुरा तळहातावर घेतला.

“कडक बोलू नको असं मी म्हणत नाही. पण त्या दिवशी फाडायचं काय होतं? एक कागद होता. माणूस नव्हता.”

“आणि तो कागद त्यांच्याच सरकारचा होता.”

“म्हणून तर ते लागलं.”

२०१३ हे साल या बाबतीत विलक्षणच म्हटले पाहिजे. ३ जूनला केंद्रीय माहिती आयोगाच्या पूर्णपीठाने काँग्रेस, भाजप, राष्ट्रवादी काँग्रेस, दोन्ही कम्युनिस्ट पक्ष आणि बसप या सहा राष्ट्रीय पक्षांना माहिती अधिकार कायदा लागू असल्याचे सांगितले. सहांपैकी एकाही पक्षाने तो आदेश पाळला नाही. त्याच महिन्यात मुंबईतल्या एका जाहीर कार्यक्रमात गोपीनाथ मुंडे २००९ च्या लोकसभेला आठ कोटी खर्च आल्याचे बोलून गेले. कायद्याची मर्यादा तेव्हा २५ लाखांची होती. ते बोलले म्हणून त्यांना आयोगाची नोटीस आली, न बोलणारे सुखात राहिले. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सरकारचा भरीव पैसा नसलेल्या सहकारी संस्थांना माहिती अधिकार थेट लागू होत नाही. महाराष्ट्राच्या राजकारणाचा अर्धा संसार सहकारी संस्थांत मांडलेला आहे, त्यामुळे आपल्याकडे या निकालाचे मोल फार.

सुधारणा या नावाखाली काय काय खपते, याचे ताजे उदाहरण तर या निवडणुकीच्याच वर्षातले, २०२४ चे होते. निवडणूक रोखे २०१७ च्या अर्थसंकल्पात पारदर्शकतेचे पाऊल म्हणून मांडले गेले. देणगीदाराचे नाव मतदाराला कळणार नाही, ही त्या पारदर्शकतेची रचना होती. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती योजना घटनाबाह्य ठरवली. त्यावर तुटून पडलेल्या पक्षांपैकीही कित्येकांनी रोख्यांतून पैसे घेतलेले होते, हे मार्चमध्ये याद्या बाहेर आल्यावर दिसले.

“म्हणजे सगळेच सारखे, असंच ना?” भाची म्हणाली. तिच्या आवाजात थकवा होता.

“नाही!” मामांनी पेन्सिल टेबलावर आपटली. “सगळे सारखे म्हटलं की जो सगळ्यात वाईट आहे तो सुटतो. सारखे नसतात, म्हणून तर तपासायचं. तुझ्याकडं त्याच्या पतसंस्थेचं काय आहे ते काढ.”

आणि इथे ते पत्रक खऱ्या अर्थाने लिहायला सुरुवात झाली.

भाची त्या पतसंस्थेची सभासद होती. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे सभासदाला शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त बघता येते. तिने ते बघितले होते, नकला घेतल्या होत्या, आणि घाईघाईत पत्रकाच्या शेवटी एका ओळीत गुंडाळून टाकले होते. मामांनी नकला पसरल्या. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी, झाली होती. सूचनेवर नऊ विषय होते, दहावा ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. सलग तीन वर्षे महत्त्वाचे ठराव त्या दहाव्या विषयात झालेले होते. नवी इमारत ऐनवेळी, गाडी ऐनवेळी, एका मोठ्या कर्जाला मुदतवाढ तीही ऐनवेळी. म्हणजे सभासदाला घरी आलेल्या सूचनेत यातले काहीच दिसले नव्हते. प्रत्येक ठरावाखाली तेच शेपूट : सर्वानुमते मंजूर. संचालक मंडळाची निवडणूक लागोपाठ तीन वेळा बिनविरोध. अध्यक्ष तिन्ही वेळा हाच माणूस.

“यात बेकायदेशीर काही नाही,” भाची म्हणाली.

“नाही. म्हणूनच हे पत्रकात पाहिजे. बेकायदेशीर असतं तर पोलीस बघतील. हा माणूस राजकारण स्वच्छ करतो म्हणतो. राजकारण म्हणजे काय गं? चार लोकांचा पैसा, तो खर्चायचा ठराव, ठरावाआधी लोकांना कळणं, विरोध करायला कुणी उभं राहणं. एवढं सगळं त्याच्या हातात पंधरा वर्षं होतं. तिथं त्यानं काय केलं, हे लोकांनी बघावं. त्याचं घर कशाला बघायचं?”

आपल्याकडे बिनविरोध हा शब्द कौतुकाने उच्चारला जातो. गावाने समजूतदारपणा दाखवला, खर्च वाचला, भांडणे टळली. काही ठिकाणी ते खरेही असते. पण ज्या संस्थेत हजारो लोकांच्या ठेवी आहेत आणि जिथे पंधरा वर्षांत एकही माणूस उमेदवारी अर्ज टिकवू शकला नाही, तिथे अर्ज मागे कसे घेतले गेले हे विचारलेच पाहिजे.

अकरा वाजता पत्रक चार प्रश्नांवर आले. मथळा : ‘राजकारण स्वच्छ करणाऱ्यांना चार प्रश्न’. उत्पन्नाच्या रकान्यातला ‘व्यवसाय’ कोणता? पतसंस्थेत तीन मोठे ठराव ऐनवेळच्या विषयात का घेतले? तीन निवडणुका बिनविरोध झाल्या तेव्हा किती अर्ज आले होते आणि किती मागे घेतले गेले? आणि चौथा : निवडून आल्यावर तुमच्या पक्षाचे हिशोब माहिती अधिकाराखाली आणावेत, अशी मागणी विधानसभेत कराल का?

खाली लालमध्ये मामांनी स्वतः एक ओळ लिहिली होती. आमचा उमेदवार याच चार प्रश्नांची उत्तरे मागच्या पानावर देत आहे.

भाचीने ती वाचली आणि फोन घेऊन बाहेर गेली. शटरखालून तिच्या चपला इकडून तिकडे फिरताना दिसत होत्या. तिच्या उमेदवाराची एक शिक्षणसंस्था होती. तिथली विश्वस्तांची निवडही वर्षानुवर्षे घरातल्या घरात होत आलेली, हे मामांना ठाऊक होते. तिलाही ठाऊक होते.

ती आत आली तेव्हा वीस मिनिटे झाली होती. “तिसरा प्रश्न काढा म्हणतात.”

“मग पलीकडचाही निघेल.”

“तोच तर सगळ्यात चांगला आहे.”

मामा काही बोलले नाहीत. त्यांनी टेबलाच्या खणातून घोषणापत्राचे दोन कोरे नमुने काढले. कलम १२७अ प्रमाणे निवडणुकीचे पत्रक छापायचे तर प्रकाशकाने आपली ओळख सांगणारे घोषणापत्र सही करून दोन प्रतींत मुद्रकाला द्यावे लागते, त्याला ओळखणाऱ्या दोन जणांनी ते साक्षांकित करावे लागते, आणि छपाईनंतर पत्रकाच्या प्रतीसह त्याची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. पत्रकाच्या तोंडावर मुद्रक-प्रकाशकाचे नाव-पत्ता नसेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. निनावी पत्रके रात्रीतून वाटणारे छापखाने जिल्ह्यात नव्हते असे नाही. या छापखान्याने ते काम कधी घेतले नाही.

“प्रकाशक म्हणून सही तुझी आहे,” मामा म्हणाले. “ठरव.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ती परत आली. मागच्या पानाचा मजकूर तिने हाताने लिहून आणला होता. पहिले उत्तर पाच ओळींचे, आकड्यांसह. दुसऱ्यात संस्थेच्या मागच्या दोन सभांच्या सूचना जशाच्या तशा दिल्या होत्या. चौथे उत्तर एका शब्दाचे : होय. तिसऱ्याखाली लिहिले होते, ‘आमच्या संस्थेतही विश्वस्तांची निवड आजवर निवडणूक न होता झाली आहे. हे बदलण्याचा ठराव पुढील सभेच्या सूचनेत, विषय क्रमांकासह, मांडू.’

“कबूल झाले?”

“रात्री दोनपर्यंत नव्हते होत.”

मामांनी मजकूर दोनदा वाचला. एका वेलांटीवर खूण केली, बाकी तसेच ठेवले. साक्षीदार म्हणून शेजारचा औषधदुकानदार आणि भाचीबरोबर आलेली तिची सहकारी वकील यांनी दोन्ही प्रतींवर सह्या केल्या. सत्तर जीएसएमचा कागद, दोन्ही बाजूंनी छपाई, प्रती ५०००. पोऱ्याने प्लेट सिलिंडरवर चढवली, पहिले दोन-तीनशे कागद शाई बसेपर्यंत वाया गेले, आणि मग भाचीने एक पत्रक उचलून आधी मागचे पान वाचायला घेतले.